फ्रीझरपाशी उभी असलेली बाई

हॅरिस पार्कच्या इंडियन दुकानात ती मला दर शनिवारी दिसते. फ्रीझर उघडून मटारच्या पाकिटावर साचलेला बर्फ नखाने खरवडते, बोटांत चोळून बघते आणि पाकीट परत ठेवते. तेवढ्यातही, थंडीत उभं असल्यासारखे, तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. परवा मी वैतागून पुटपुटले, "दार तरी लाव, बाई."

"सॉरी, सवय आहे," ती चक्क मराठीत म्हणाली. "मी बर्फावर रिसर्च करते. दर हिवाळ्यात डोंगरावर काठी रोवून त्याची खोली मोजते."

"मग यंदा किती होता?"

तिने ओली बोटं जीन्सला पुसली.

"पूर्वी काठी आपली आपण उभी राहायची. यंदा मला ती धरून ठेवावी लागली."

ती गेली. फ्रीझरचं दार नीट लागलंय ना, ते मी पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिले.