चिप्सबरोबरचं डिप

आमच्या ग्रुपच्या पार्टीला कोणी काय आणायचं हे ती ठरवते. ती म्हणजे आमच्यातली सगळ्यात उत्साही बाई. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आम्ही काही मराठी कुटुंबं एकमेकांना धरून आहोत, त्यातली निम्मी तिनेच शोधून काढलेली. कोणी सुपरमार्केटात कोथिंबिरीची जुडी हुंगताना दिसलं, कोणी ट्रेनमध्ये फोनवर मराठीतून भांडताना सापडलं. मी तिला मुलींच्या शाळेच्या गेटपाशी सापडले. सुरुवातीला ती मला हक्काने सांगायची, "अगं, तुझ्या मसालेभाताचं मोठं पातेलं आण, बाकी कोणाचा संपत नाही." मी न्यायची. पातेलं रिकामं होऊन परत यायचं.

मग एकदा ती आमच्या घरी आली. बहुतेक माझ्या लेकीची जुनी पुस्तकं न्यायला. हॉलमध्ये बसली. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली शेल्फवर बुद्धाची मूर्ती. तसल्या मूर्ती हल्ली इथल्या गोऱ्यांच्या बाथरूममध्येही असतात, त्यामुळे मूर्तीवरून काही कळत नाही. आमचं आडनावही गावावरून पडलेलं, त्यावरूनही कळत नाही. फोटोवरून कळतं. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी आणलेल्या चहाला नको म्हणाली. उपवास आहे म्हणाली. चतुर्थी नुकतीच होऊन गेली होती, आणि उपवासाला चहा चालतो हे बौद्धाच्या घरातही माहीत असतं. मी कप परत आत नेला.

पुढच्या पार्टीच्या मेसेजमध्ये माझ्यापुढे लिहिलं होतं, चिप्स आणि ज्यूस. "तुझं ऑफिस असतं गं, तुला कशाला त्रास," असं वर फोन करून सांगितलं. ऑफिस तर सगळ्याच करतात. त्यानंतर कायम तेच. चिप्स, ज्यूस, बर्फ, एकदा कागदी प्लेट्स. माझ्या वाट्याला येईल ते कारखान्यातून सीलबंद निघालेलं असायचं. बोलणं मात्र पूर्वीसारखंच गोड, भेटली की मिठी, लेकीची चौकशी. बोट दाखवावं असं काही नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला उगाच वाटतं." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि नसेल उगाच, तरी काय करणार आहेस?" तो वाईट माणूस नाही. त्याला भांडणाचा फार कंटाळा आहे, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची यावर त्याचं सगळं आयुष्य चाललंय.

पहिल्या एक-दोन वेळा मला लागलं. मग लागेनासं झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं. मी चिप्स घ्यायची, न्यायची, हसायची, परत यायची. लेकीला वाटायचं, आईला स्वयंपाकाचा आळस.

या उन्हाळ्यात त्या उत्साही बाईच्या घरी किचनचं एक्स्टेन्शन पूर्ण झालं. वर्षभर बिल्डरच्या नावाने बोटं मोडून झाली होती, आता पार्टी. माझ्यापुढे चिप्स. या वेळी नुसते चिप्स नाहीत, मक्याचे तिकोनी, कारण जेवण मेक्सिकन ठेवायचं ठरलं होतं. मेसेज वाचताना मला सुचलं की चिप्स म्हटलं की बरोबर काहीतरी लागतंच. ते आणू नकोस असं कोणी म्हटलेलं नाही.

माझ्या ऑफिसात एक इंग्लिश बाई आहे, तिचा नवरा टेक्ससचा. ती ख्रिसमसच्या जेवणाला काचेच्या मोठ्या बोलमध्ये थराथरांचं डिप आणते. खाली घेवड्याची पेस्ट, वर अवाकाडो, वर सावर क्रीम, टोमॅटो, चीज, असं चढत जातं. तिने मला कधीचं शिकवून ठेवलं होतं. मला कोणाशी लढायचं नव्हतं, धडा वगैरे शिकवायचा नव्हता. माझ्या हातचं कोणी खातं की नाही, एवढं एकदा बघायचं होतं. नाही खाल्लं तर निदान उगाच वाटत नव्हतं हे तरी कळलं असतं.

डब्यातला घेवडा मिळतो, पण मी राजमा भिजवला. कुकरमध्ये अगदी मऊ होईपर्यंत शिजवला, आणि लेकीने तो बटाट्याच्या मॅशरने घोटून दिला. ती सोळा वर्षांची आहे, तिची परीक्षा संपली होती आणि तिला कंटाळा आला होता. मी लसूण आणि जिरं तेलात टाकलं, वर राजमा परतला, तिखट घातलं. गरम राजम्यावर बाकीचं घातलं तर क्रीम वितळून सगळं खाली बसतं, म्हणून तो ताटात पसरून गार व्हायला ठेवला. मध्ये अवाकाडो कुस्करले. लिंबू, मीठ, कोथिंबीर. टोमॅटोच्या बिया काढल्या, बारीक चिरले, मीठ लावून चाळणीत निथळत ठेवले, कारण टोमॅटोचं पाणी उतरलं की खालचे सगळे थर नासतात.

"आई, किती लेयर्स करायची?" लेक म्हणाली.

"सात."

"व्हाय सेव्हन?"

"त्या बाई सात करतात म्हणून."

थर या विषयावर माझे वडील तासभर बोलले असते. वर कोण, खाली कोण, आणि सगळं वजन कोणावर. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि त्यांना सभेची सवय होती. मी चमच्याच्या पाठीने राजमा बोलच्या तळाशी सारखा करत होते. कडेने आधी काचेला चिकटवायचा, मग मध्ये भरायचा, म्हणजे बाहेरून रेघ सरळ दिसते. त्यावर हिरवं, त्यावर पांढरं, मग टोमॅटो, मग किसलेलं चीज, मग काळे ऑलिव्ह, शेवटी पातीचा कांदा. फार सुरेख दिसत होतं. लेकीने फोटो काढला. मला छान वाटायला हवं होतं, आणि ते वाटत नाहीये हेही मला दिसत होतं.

चव घ्यायला मी चमचा बुडवला नाही. एवढं सगळं करून डिप उष्टं झालं असं कोणाला म्हणायला मिळायला नको. वाटीत वेगळं काढून चाखलं. मीठ बरोबर होतं.

नवरा बोल बघून थबकला. "चिप्सच सांगितले होते ना?"

"चिप्सबरोबरचं आहे."

त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. गाडीत बोल माझ्या मांडीवर होता, आणि प्रत्येक राउंडअबाउटच्या वळणावर तो गाडी अगदी हळू घेत होता.

त्यांचं नवं किचन खरंच मोठं झालंय. वर काच, मधोमध लांबलचक ओटा, त्यावर सगळं मांडलेलं. मी बोल ठेवला, शेजारी चिप्स फोडून ओतले. ती आली, मला मिठी मारली, बोलकडे पाहून म्हणाली, "अय्या, हे काय आणलंस? किती गोड दिसतंय." मग ती कोणाला तरी छताची काच दाखवायला गेली.

चिप्स भराभर संपत होते. लोक मूठभर घेत होते, शेजारी कोणीतरी केलेल्या चिंचेच्या चटणीत बुडवत होते, दही-पुदिन्याच्या वाटीत बुडवत होते. एक बाई माझ्या बोलच्या वरून हात नेऊन पलीकडची चटणी घेत होती. मी खिडकीशी ज्यूसचा ग्लास घेऊन उभी होते. दुसरं पाकीट फोडावं लागलं, ते मी फोडलं. बोलमधली कांद्याची पात जशी टाकली होती तशीच होती. तर आता कळलं, असं मी मनाशी म्हटलं. त्यापलीकडे मनात काही आलं नाही. माझ्या आईचं म्हणणं होतं की कोणी खात नसेल तर आग्रह करू नये, आपला मान आपल्या ताटात असतो. मी आग्रह केला नाही.

लेक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नोबडीज इटिंग इट. मी सुरू करू का?"

"थांब जरा."

तेवढ्यात ती छताची काच दाखवून परत आली. ओट्याच्या पलीकडे माझा नवरा उभा होता, त्याला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, हे डिप फार टेम्प्टिंग दिसतंय हो. हे घरी केलंय की आणलंय?" ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणलंय. रेडीमेड."

तिने चिप उचलला. खोल बुडवला, अगदी तळाच्या राजम्यापर्यंत, आणि तोंडात घातला. डोळे मिटले. "अगं बाई! या, या, हे खाऊन बघा." मग सगळेच आले. चटणीवाली बाई आली, तिचा नवरा आला, कोणाची तरी सासू प्लेटमध्ये चमच्याने वाढून घेऊन गेली. आधी पात गेली, मग पांढरं आणि हिरवं एक झालं, आणि थोड्या वेळात काचेतून ओटा दिसायला लागला. एकजण उरलेल्या राजम्याभोवती चिप फिरवत होता. मी बघत होते. त्यांना मनापासून आवडलं होतं, त्यात नाटक नव्हतं.

"कुठल्या दुकानातलं गं?" तिने मला विचारलं. तिच्या ओठाच्या कडेला क्रीम लागलं होतं.

लेकीने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली आणि मोठ्या राउंडअबाउटपाशी जे सुपरमार्केट आहे त्याचं नाव सांगितलं.

"बघ, आजकाल बाहेरचंही किती छान मिळतं," ती म्हणाली.

गाडीत बोल मागच्या सीटवर लेकीजवळ होता. मग ती म्हणाली, "बाबा, तू खोटं का बोललास? राजमा मी मॅश केलेली."

नवरा रस्त्याकडे बघत होता. मग मीच सांगितलं. चहाचं सांगितलं, मसालेभाताचं सांगितलं, चिप्स का ते सांगितलं. तिला हे सगळं माहीत होतं, पण ते वेगळ्या तऱ्हेने. आजोबांच्या गोष्टींमधलं, चौदा एप्रिलच्या भाषणांमधलं, लांबच्या गावातल्या विहिरीचं. आपण दर महिन्याला ज्या घरी जातो तिथलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बट दे लव्ड इट. मग आता सांग ना त्यांना. त्यांना माहीत होऊ दे ना कोणी बनवलं."

घरी पोचल्यावर नवरा गाडीतून उतरला, मी बसूनच राहिले. ग्रुपवर थँक यूचे मेसेज सुरू होते. दोघींनी डिपची लिंक मागितली होती. मी लिहिलं, "डिप दुकानातलं नव्हतं. मी घरी केलं होतं, लेकीने मदत केली. राजमा आदल्या रात्री भिजवला होता. कोणाला कृती हवी असेल तर सांगा." परत न वाचता पाठवलं. पाठवताना छातीत धडधड होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

नवऱ्याने आत जाऊन वाचलं आणि मी बोल घेऊन दाराशी पोचले तेव्हा म्हणाला, "कशाला हात दाखवून अवलक्षण?" पण त्याने माझ्या हातातून रिकामा बोल घेतला आणि स्वतः धुतला.

सगळ्यांनी मेसेज वाचल्यावर त्याखालच्या खुणा निळ्या झाल्या. कोणी काही लिहिलं नाही. एका मुलीने, नवीनच लग्न होऊन आलेली आहे, तिने थोड्या वेळाने एक लाल बदाम टाकला आणि मग काढून घेतला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बिल्डरचा नंबर विचारला आणि ग्रुप पुन्हा चालू झाला.

पुढच्या पार्टीचा मेसेज परवा आला. मी किचनमध्ये उभी राहून वाचला. कोणी छोले, कोणी पुलाव, चटणीवाली बाई चटणी. चिप्स या वेळी दुसऱ्या कोणाला तरी दिलेत. माझ्यापुढे लिहिलंय, पेपर नॅपकिन्स. शेवटी एक हसरा चेहरा.

मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. लेक मागे उभी होती, तिने खांद्यावरून वाचलं होतं. ती चिडेल, शिव्या देईल, आपण जायचंच नाही म्हणेल, असं मला वाटलं. मी उत्तर तयार करत होते. तिने फ्रिज उघडला, दूध काढलं, सीरियलचा बोल घेतला, आणि "नॅपकिन्स मी घेऊन येते, मला तसंही टाउनमध्ये जायचंय," एवढं म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही काही नव्हतं. तो माझा चेहरा होता, चिप्स घेऊन जातानाचा. तेव्हा मात्र मला रडू फुटलं, आणि ते आवरेना.