न बांधलेलं कापड

नेमानी तसा आमच्यासारखाच, दालोचे, म्हंजी अळूचे, कांदे लावणारा, खेकडे धरणारा. पण गादीवर नवा रातू, म्हंजी गावचा सरदार, बसायचा तर त्याच्या दंडाला झाडाच्या सालीचं कापड नेमानीच्या घराण्यानंच बांधायचं. ते बांधल्याबिगर सरदारकी पुरी होत न्हाई, आणि मेल्यावर वंशावळीत नाव लागत न्हाई.

थोरला रातू गेला, तेव्हा दिवसांच्या जेवणात नेमानीच्या घरचा कासवाचा वाटा दुसऱ्याच आळीत गेला. चूक वाढप्याची, नेमानी रुसला थोरल्याच्या लेकावर, सेमेसावर. सेमेसा सरळ माणूस. एकटाच नेमानीच्या दाराशी येऊन बसला.

"मामा, चुकलं आमचं. पोटात घाला."

"माफीचा देवमाशाचा दात आणलाय?"

"न्हाई. मीच आलोय."

"आन् तुमच्या वतीनं बोलणारा मानकरी? सरदारानं आपल्या तोंडानं माफी मागायची नसती, एवढंबी बापानं शिकवलं न्हाई व्हय? जावा. रीतीनं या."

आतनं नेमानीची बायको आकानिसी कावली, "अवो, रातू दारात बसलाय आन् तुमी खेकड्यावाणी नांग्या काय दावताय!"

सेमेसा उठून गेला. तोही बापाचाच लेक, पुन्हा आला न्हाई.

"बांधू की पुढल्या साली," असं नेमानी कैक सालं म्हणत राहिला. सेमेसा गावाचा कारभार बघायचा, पण शब्दाला वजन नव्हतं. मासळी वाढावी म्हणून त्यानं खडकावरची मासेमारी बंद केली, तर पोरं त्याच्या देखत जाळी घेऊन निघाली.

"आधी दंडाला कापड बांधून ये म्हणावं, मग हुकूम सोड!"

नेमानीनं ते ऐकलं, आणि तो हसला.

मग सेमेसा तापानं गेला. नेमानी कापड काखेत मारून पळत आला आणि मयताचा हात चटईतून बाहेर काढाया लागला. सेमेसाच्या बायकोनं त्याचं मनगट धरलं.

"मामा, जित्याला बांधत्यात ते. मेल्याला गुंडाळाया माझ्याकडं चटया हायेत."

यंदा सेमेसाच्या लेकाला कापड बांधलं. नेमानीनं ना वाटा मागितला, ना दात. गाठ मारून त्यानं वंशावळ म्हणाया घेतली. पोराच्या आज्याच्या, थोरल्या रातूच्या, नावापाशी आला आणि त्यानं दंडावरची गाठ पुन्हा आवळली. मानाचं पेय, यांगोना, त्याच्या परातीभोवती सगळं गाव खाली मान घालून बसलेलं. कापड न बांधलेल्याला वगळून रीतीनं पुढचं नाव नातवाचंच होतं. नेमानीनं तेच घेतलं.

पोरगं बापाचं नाव यायची वाट बघत नेमानीच्या तोंडाकडं बघत राहिलं.