कोठीमागचा कॅमेरा

आता खरं सांगते, तो कॅमेरा शाळेत आला तो माझ्यामुळेच. घाटंजीच्या बाजूला एका हायस्कुलात मी खिचडी शिजवायची. कोठीतला तांदूळ कमी होतो अशी कुजबुज सुरू झाली, आणि किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, ते कॅमेरे निघाले ना आता, एक कोठीवर बसवा. माझं तोंड तरी उजळ होईल." सरांनी खरंच बसवला. मागच्या वऱ्हांड्यात, कोठीच्या दारासमोर. त्याचं चित्र सरांच्या खोलीतल्या टीव्हीत दिसायचं.

पण त्याच कोपऱ्यात पोरी कपडे बदलायच्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मला माझ्या नावाची पडली होती. तेव्हा कापसाला भाव नव्हता, वेचायला बाया लावणं परवडायचं नाही, म्हणून घरचेच हात. नववी-दहावीच्या पोरी सकाळी वावरात वेचणी करून तिथूनच शाळेत यायच्या, गणवेश दप्तरात. दोघी ओढणी धरायच्या, तिसरी बदलायची. संडासात बदलावं तर कडी तुटलेली आणि खाली चिखल.

कॅमेरा लागला त्या दिवशी दहावीतली एक माझ्या चुलीपाशी आली. "मावशी, आता आमी कपडे कुठं बदलाचे?"

"करतीन सर काहीतरी," म्हणत मी खिचडी ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पाहते तर साऱ्या पोरी वावरातल्याच कपड्यांत. कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी तशीच बांधलेली, केसांत कपाशीच्या पऱ्हाटीचा कचरा. गणवेशाशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही, असा शाळेचा नियम. सर म्हणाले, घरी जा. त्या जाऊन आवारातल्या कडुलिंबाखाली बसल्या.

"मागचा कॅमेरा काढा, सर. मग गणवेश घालतो," दहावीतली म्हणाली.

"मनात काही नसेल तर कॅमेऱ्याला भ्यायचं कशाला?" सर चिडले.

खरं कारण पुरुष माणसापुढं, पोरांपुढं कोण सांगणार? एकीनं नुसतंच माझ्या कानाशी पुटपुटलं, "सरनं तिथं एक दिवस पँट बदलून पाहावं." मला हसू आलं, आणि लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशीही तेच. दहावीतली माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, बाबा म्हणून राह्यले, शाळेत बसूच देत नाहीत त उद्यापासून दिवसभर वेचणीलेच चाल." परीक्षा तीन-चार महिन्यांवर आलेली. एकदा पोरगी वावरात गुंतली की ती काही वर्गात परत यायची नाही, हे मी किती जणींचं पाहिलं होतं.

मी पदरानं हात पुसले आणि सरांच्या खोलीत गेले.

"सर, तो कॅमेरा काढा."

"अहो, तुम्हीच तर मागितला. उद्या पुन्हा तुमच्यावर बोट आलं तर?"

"येऊ द्या. किल्ली तुमच्यापाशी ठेवा, मले रोज दार उघडून देत जा." आणि मग खाली पाहत सगळं सांगून टाकलं.

सरांनी टीव्हीकडं पाहिलं. त्यांना वाटायचं, पोरी उशिरा येतात आणि मागं उभ्या राहून गप्पा हाणतात. "दोन दिवस बसल्या, पण एकीनं सांगितलं नाही," म्हणाले. आणि उठून टीव्ही स्वतःच बंद केला.

कॅमेरा फाटकावर गेला. खेळाच्या सामानाची खोली पोरींना मिळाली. सरांनी बाजारातून कडी आणली, स्वतःच ठोकली, तीही वाकडी.

तांदळाची कुजबुज काही एकदम थांबली नाही. ऐकलं की झोंबायचं. पण दहावीतली पुढच्या सोमवारी शाळेत आली. तिच्या मागं दुसऱ्या, नंतर नववीच्या. खोलीत चेंडू, दोऱ्या, डंबेल्स आणि त्यात या दहा-बारा जणींचा गोंगाट.

मी दारावर थाप मारली. "घंटा झाली ना बायांनो."

"थांब न मावशी," आतून ती ओरडली, "वाकडी कडी हाय, निंगून नाही राह्यली."

आणि साऱ्या खिदळल्या.