डाव्या हातातलं जातं

आईला डायलिसिससाठी बीडला न्यायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर वडवणीकडचा एक मेंढपाळ असायचा. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनीला जोडलेली त्याच्या डाव्या हाताची शीर दोरासारखी फुगलेली होती. आल्या आल्या तो मनगट कानाला लावायचा, डोळे मिटून आत वाहत्या रक्ताची घरघर ऐकायचा आणि आईला म्हणायचा, "जातं चालू हाय, मावशी. तुमचं बगा." मग आईही आपला हात कानाशी न्यायची.

एकदा त्यानं हात कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला. शिरेत रक्त गोठून घरघर थांबली होती. डॉक्टर भडकले, "या हातावर वजन घेऊ नका म्हटलं होतं ना?"

"मेंढी वाटंत याली, सायेब. उजव्या हातात काठी व्हती. कोकरू डाव्यावरच घेत्यात."

"मग काठी टाकायची!"

"अन् बाकीची मेंढरं?"

तो हात आता डायलिसिसच्या कामाचा नव्हता; डॉक्टर मानेत नळी घालायच्या तयारीला लागले. आईनं आपला हात पदराखाली झाकला.

"झाकता कावून, मावशी? आना इकडं." कान लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. "लई झ्याक चालू हाय."

आता आई नाही. रस्त्यात कळप आडवा आला की मी अजून गाडी थांबवतो आणि बघतो, कोकरू कोणत्या हातावर आहे.