शुभदाच्या वेलीसाठी डार्विनला

जुलैत मेलबर्नहून डार्विनला जाणारे लोक उबेसाठी जातात. मी भांडायला गेले.

माझी धाकटी नणंद शुभदा तिथे राहते. जूनमध्ये तिने कुटुंबाच्या ग्रुपवर अंगणातल्या वेलीचा फोटो टाकला, 'घरची गुळवेल, रोज सकाळी काढा'. फोटो मोठा करून पाहिला. खोडभर चामखिळीसारखे फोड. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते, अशी टेंगळं नसतात. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, एवढं कळतं. 'ही गुळवेल नाही' असं लिहिलं. उत्तरादाखल जोडलेले हात आणि भाच्याचं 'चिल, मामी'.

मीही गप्प बसले असते. पण शुभदाच्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे दोनदा वाढलेले होते आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. मेलबर्नच्या कडेला वेरिबीत आमचं घर, तिथे मुलगा म्हणाला, "आई, फोनवर सांग ना." फोनवरचं ऐकणारी माणसं आमच्या घरात नाहीत. तिकीट काढलं.

विमान साडेचार तासांचं. स्वेटर घालून चढा, आत सुती कपडे असू द्या. उतरून घरी पोचल्यावर शुभदाने पहिलं काय केलं असेल, तर काढ्याचा पेला पुढे केला.

"डॉक्टरांना सांगितलंस हे?" मी विचारलं.

"त्यांनी औषधं काय घेता विचारलं. मी नाही म्हटलं. काढा काय औषध असतो, वहिनी?"

हे वाक्य आपल्या किती घरांत बोललं जातं, तुम्हीच सांगा. पेला मी सिंकमध्ये ओतला.

शनिवारी सकाळच्या बाजारात गेलो, कारण वेल तिथूनच आणली होती. आठच्या आत जा, नंतर पार्किंग मिळत नाही. लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातलं तिखट नूडल-सूप, खा, एका वाडग्यात दोघींचं भागतं. रोपं विकणारी आजी फिलिपिन्सची. तिने वेलीचं तिच्या भाषेतलं नाव सांगितलं, मकाबुहाय. "तापावर. फार कडू."

"बघा, कडू आणि तापावर," शुभदा म्हणाली. "म्हणजे गुळवेलच."

त्या बाईने एकदाही गुळवेल म्हटलं नव्हतं. नाव आमच्या बाईसाहेबांनी ठेवलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिने त्याच वेलीच्या कांड्या छोट्या कुंड्यांत लावून वीस बायकांना वाण म्हणून दिल्या होत्या.

माझी जुनी विद्यार्थिनी मीनल तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे. वाण गेलेल्या सहा घरांतली पानं, शुभदाचं पान आणि आजीकडचं एक, असे आठ नमुने तिच्याकडे दिले. निकालाला आठवडा लागणार होता, म्हणून लिचफील्डच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. दक्षिणेकडे हायवेने दीड तास, रस्ता उत्तम, पाणी भरपूर न्या. वाळवीची वारुळं माणसापेक्षा उंच, धबधब्याखाली पोहता येतं. मी पोहले. शुभदा काठावर फुगून बसली.

"टीचर, आठही एकच वेल," मीनलने स्क्रीन दाखवली. "नुसती जात एक नाही, जनुकं तंतोतंत एक. कांड्या लावून वाढवलेली नक्कल."

शेजारी युनिच्या संग्रहातल्या खऱ्या गुळवेलींचे नमुने होते. त्यांच्यात नर वेल वेगळी, मादी वेगळी. बीपासून उगवलेली प्रत्येक वेल थोडी निराळी. त्यातली कडू द्रव्यंही जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे कमी-जास्त. ही द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या काचेच्या पट्टीवर प्रत्येकीच्या रेषा वेगवेगळ्या दिसत होत्या. आमच्या आठांच्या रेषा मात्र गणवेशातल्या मुलींसारख्या सारख्या, आणि गुळवेलीशी न जुळणाऱ्या. ही तिची चुलतबहीण, आणि ती रोज प्यायल्याने लिव्हर बिघडल्याचं माहीत आहे, असं मीनल म्हणाली. खरी गुळवेलसुद्धा डॉक्टरांना न सांगता पिऊ नये, हेही म्हणाली.

शुभदाने विचारलं, "वाण परत कसं मागायचं हो वहिनी?"

"मागायचं नाही. पिऊ नका म्हणायचं."

त्याच दुपारी तिने वीसही जणींना फोन केले. नऊजणी रोज घेत होत्या. एकीने विचारलं, "मग माझा अर्धा उकळलेला काढा टाकून देऊ का?" शुभदा तिच्यावर ओरडली ते ऐकून मला फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं आणि वेलीचं नाव कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी काढा बंद करून दीड महिन्याने पुन्हा तपासणी सांगितली.

येताना मीनलने खऱ्या गुळवेलीची कांडी देऊ केली. घेतली नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात झाडं नेण्याचे नियम कडक आहेत, आणि वीस घरांचं पाहिल्यावर मला कांडी नावाच्या वस्तूचाच राग आला होता.

वेरिबीला परतले तेव्हा पहाटे गवतावर दहिवर होतं. प्रवासाचं काय उरलं म्हणाल, तर धबधब्याचं गार पाणी अजून खांद्यांवर आहे. फोटो एकही पाहिलेला नाही. मी दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होते.

काल तिचा फोन आला. आकडे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलात.

"वहिनी, तुम्ही आलात म्हणून," ती म्हणाली.

अशा वेळी 'छे, मी काय केलं' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हटलं, "हो, मी आले म्हणूनच."