शिट्टी सॅकलाच राहिली

काकूंना जंगल माहीत होतं ते फाटक्या वस्तूंवरून.

आमचं दुकान तंबू, सॅक, स्लीपिंग बॅगा विकायचं आणि भाड्यानं द्यायचं. मी पुढे काउंटरवर, आणि मागच्या खोलीत, एकुलत्या एका खिडकीखाली, शिलाई मशीनपाशी काकू. परत आलेलं फाटकं सामान त्यांच्या टेबलावर जायचं. सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत त्या स्वतः गावाबाहेरच्या टेकडीवरसुद्धा कधी गेल्या नव्हत्या. पण ठिणगी उडून तंबूला पडलेलं भोक कसं असतं, उंदरानं कुरतडलेला कप्पा कसा आणि दुसऱ्याच कुठल्या दातांनी ओढलेला पट्टा कसा, हे त्या बोटांनी ओळखायच्या. एकदा एक स्लीपिंग बॅग आली, आतून छातीपाशी मोठा तपकिरी डाग. आणणारा म्हणाला, नाकातून रक्त आलं होतं. काकूंनी ती धुतली, शिवली, आणि मला म्हणाल्या, "नाकातून एवढं येत नाही गं." त्यानंतर आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

म्हणजे धीट लोकांच्या सामानातून सगळी भीती गोळा होऊन या एका बाईपाशी जमा झाली होती. गॅस बंद केलाय ना हे बघायला त्या अर्ध्या जिन्यावरून परत जायच्या. दुकानातले आम्ही हसायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मालक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्या म्हणायच्या, "असू दे. पाठीशी कोणीतरी आहे ना!"

आणि नशीब बघा, सून मिळाली ती जंगलात काम करणारी. झाडांना कॅमेरे बांधून ठेवायचे, पुढून जनावर गेलं की ते आपोआप फोटो काढतात; दर दोन महिन्यांनी आत जाऊन त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या आणि फोटो घेऊन यायचं, असं तिचं काम. सोबत एक सहकारी असायचा. एकट्यानं आत जायचं नाही, असा तिच्या ऑफिसचा नियमच होता. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. घरात दोघीच.

त्या खेपेला निघायच्या तीन दिवस आधी सहकारी जिन्यावरून पडला आणि हाताला प्लास्टर लागलं. दुसरं माणूस मिळेना. सून जेवताना म्हणाली, "आई, मी एकटीच जाऊन येते. तीन दिवसांचं तर काम. वनखात्याच्या चौकीवरचे दादा ओळखीचे आहेत, ते काही बोलणार नाहीत."

काकूंचा घास हातातच राहिला. त्या रात्रभर जाग्या होत्या. सकाळी दात घासणाऱ्या सुनेला म्हणाल्या, "मी येते."

"तुम्ही?"

"दोन माणसं पाहिजेत ना? मी माणूस नाही का?"

पुढे त्यांनी मला सांगितलं, "तिच्याबरोबर जायची भीती होती ती एवढी." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "आणि ती एकटी गेली, मी घरी बसले, तर जी वाटली असती ती मला पेलली नसती. म्हणून गेले. यात शौर्य काही नाही."

दोन दिवस त्यांनी सामान जमवलं. दुकानातला प्रत्येक तंबू उलटा करून शिवण बघितली. नवा कोरा तंबू नाकारला आणि स्वतः दोनदा शिवलेला जुना घेतला. म्हणाल्या, नव्याचं कुठे फाटतं ते अजून कोणालाच माहीत नाही. तीन टॉर्च. चार काडेपेट्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. लायटर दोन. पाण्यात टाकायच्या गोळ्या, दोरी, चाकू, होकायंत्र, पट्ट्या, मलमं, तापाच्या गोळ्या, मोज्यांचे सहा जोड. दोघींच्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यांना त्यांनी एकेक शिट्टी अशी पक्की शिवली की दातांनी ओढली तरी निघू नये.

खोलीभर पसारा मांडून त्या भरायला बसल्या. भरून झाल्यावर सॅक उचलायला गेल्या तर ती जागची हलेना. सून दारात उभी राहून बघत होती. तिनं आत येऊन सगळं पुन्हा जमिनीवर ओतलं.

"आई, एकेक वस्तू हातात घ्या आणि मला सांगा, ही नसली तर काय होईल."

"मरू."

"मोज्यांच्या सहाव्या जोडाशिवाय?"

काकूंना हसू आलं. निम्मं सामान बाहेर निघालं. मग सुनेनं भरायला शिकवलं: स्लीपिंग बॅग तळाशी, जड ते पाठीला चिकटून, पावसाचं सगळ्यात वर, आणि लागेल ते बाजूच्या कप्प्यात. दुसऱ्या खेपेला सॅक पाठीवर बसली. मात्र आपली कात्री आणि सुई-दोऱ्याची डबी काकूंनी सोडली नाही. सुनेनंही फार ओढून धरलं नाही.

चौकीवर सुनेनं नकाशावर खूण करून दिली. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत परत आला नाहीत तर आम्ही आत येऊ, असं रक्षकदादा म्हणाले. फोन चौकीनंतर चालत नव्हता.

पहिला दिवस बरा गेला, असं सून म्हणते. काकूंना त्यातलं फक्त सुनेच्या बुटांच्या टाचा आठवतात. त्या दिवसभर त्या टाचांवरून त्यांनी नजर काढली नाही. झाडं इतकी दाट की ऊन जमिनीवर नाण्यांएवढंच पडत होतं. प्रत्येक आवाजाला त्या थांबायच्या. हे काय? पान पडलं, आई. आणि हे? दुसरं पान.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सून ओढ्याकडच्या कॅमेऱ्याला निघाली. उतार निसरडा होता, म्हणून काकूंना तिनं तंबूपाशीच थांबवलं. आपली सॅक झाडाला टेकवून ठेवली आणि बॅटऱ्यांची छोटी पिशवी तेवढी गळ्यात अडकवली.

"दीड तासात येते. उशीर झाला तरी हलू नका. हरवलेल्या दोन माणसांपेक्षा एक बरं."

बारा वाजता धुकं उतरलं. हळूहळू नाही, कोणीतरी पडदा ओढावा तसं. आधी पलीकडची झाडं गेली, मग अलीकडची. एक वाजला. दीड वाजला. काकूंनी शिट्टी वाजवायला सुरुवात केली. तीनदा वाजवायची, थांबायचं, ऐकायचं. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा, सगळं गिळणारा. ती शिट्टीनं उत्तर देईल म्हणून त्या कान देऊन बसल्या.

आणि मग त्यांची नजर सुनेच्या सॅककडे गेली. छातीच्या पट्ट्यावर शिट्टी होती. त्यांनीच शिवलेली. दोरी आतच, टॉर्च आत, काडेपेटी आत, रेनकोट वरच्या कप्प्यात घडी करून. इतकं नीट भरलेलं की एकही वस्तू बाहेर राहिली नव्हती. पोरगी गेली होती ती बॅटऱ्या घेऊन.

त्या खाली बसल्या. वर्षानुवर्षं टेबलावर आलेली प्रत्येक फाटकी वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागली, आणि या खेपेला प्रत्येकीच्या आत सून होती. हलू नका, असं ती सांगून गेली होती. रक्षकदादा येणार परवा. अंधार पडायला साडेचार तास.

दोन वाजता त्या उठल्या.

सगळ्यात आधी हाताला लागेल ते त्यांनी आपल्या सॅकमध्ये कोंबलं, आणि ती पुन्हा उचलेना. "तेव्हा मला तिचंच वाक्य ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "ही नसली तर काय होईल." त्यांनी सॅक जमिनीवर ओतली. सुनेची स्लीपिंग बॅग घेतली, कारण पोरगी जिथे असेल तिथे थंडीत असेल. दोरी, टॉर्च, काडेपेटी, पाणी, मूठभर बिस्किटं. सुनेच्या सॅकवरची शिट्टी उसवायला चाकू पुरेना, कात्री लागली. शिट्टी गळ्यात बांधली. बाकी सगळं तिथेच पडू दिलं.

पण परत कसं यायचं? दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. सॅकवर घालायची पावसाची कव्हरं होती, दोन, भडक नारिंगी, कोरी. चांगल्या कापडाला कात्री लावायची नाही, हा काकूंचा जन्माचा नियम. आम्ही चिंधी मागितली तरी त्या दहादा विचार करायच्या. त्यांनी दोन्ही कव्हरं उभी चिरली. पट्ट्या केल्या. पहिली पट्टी तंबूपाशी बांधली, ती दिसेनाशी व्हायच्या आत दुसरी, मग तिसरी. प्रत्येक गाठीपाशी तीन शिट्ट्या. उतारावर त्या बसून सरकल्या. एकदा डावीकडे झुडपात काहीतरी जड हललं, थांबलं, आणि निघून गेलं. काय होतं ते त्यांनी बघितलं नाही. डोळे मिटून गाठ मारत राहिल्या.

कव्हरांच्या पट्ट्या संपल्या तेव्हा त्यांनी जाकिटाचं अस्तर कापलं.

अस्तराच्या चौथ्या पट्टीपाशी शिट्टी वाजवून थांबल्या तर खालून आवाज आला. टक, टक, टक. दगडावर दगड. त्यांनी पुन्हा वाजवली. पुन्हा टक, टक, टक.

सून ओढ्याकाठी दोन धोंड्यांमध्ये अडकली होती. उजवा पाय घोट्यापर्यंत फटीत, कमरेपर्यंत भिजलेली, ओठ निळे. दात इतके वाजत होते की बोलताना शब्द तुटत होते. शिट्टी तिला तासाभरापासून ऐकू येत होती. तिनं हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजापुढे त्या वर पोचल्याच नाहीत.

"आई... हलू नका... म्हटलं होतं ना."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. सासूपण गाजवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

पाय ओढून निघेना. ओढला की सून किंचाळायची आणि काकू हात सोडायच्या. शेवटी त्यांनी कात्रीनं बुटाची नाडी कापली, नाडीखालची जीभ कापली, बाजू कापली. बूट तिथेच राहिला, पाय निघाला. सुजून दुप्पट झालेला. भिजलेले कपडे उतरवून तिला स्लीपिंग बॅगेत घातलं, घट्ट धरून बसल्या, बिस्किटं भरवली. ओठांचा रंग बदलल्यावरच उठल्या.

खाली यायला जे अंतर तासाभराचं होतं त्याला वर जायला अडीच तास लागले. स्लीपिंग बॅग सुनेच्या अंगाभोवती गुंडाळलेली, तिचा हात काकूंच्या खांद्यावर, एकेक पट्टी शोधत. मध्ये एका ठिकाणी पुढची पट्टी दिसेना. गळून पडली असावी. उजेड मावळत होता. काकूंनी सुनेला शेवटच्या पट्टीपाशी बसवलं, दोरीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं हातात धरून त्या एकट्या धुक्यात गेल्या. दोरी ताणली गेली, पट्टी नाही. परत आल्या. दुसऱ्या बाजूला गेल्या. नाही. सून सांगते, तेव्हा त्या मोठ्यानं रडत होत्या, पण थांबत नव्हत्या. रडत जायच्या, रडत यायच्या. पाचव्या खेपेला लांबून ओरडल्या, "सापडली गं, सापडली!"

तंबूत पोचल्या तेव्हा साडेसहा वाजले होते. पुढचे दीड दिवस तंबूची चेन लावून दोघी आत होत्या. बाहेर काही हललं की काकू सुनेचा हात धरायच्या. चौथ्या दिवशी दुपारी रक्षकदादांची हाक आली, तर आधी त्यांना ती खरी वाटेना. तीनदा नाव विचारून मगच त्यांनी चेन उघडली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. मुलाचा जहाजावरून फोन आला, तो आधी बायकोवर ओरडला, मग आईवर, मग स्वतःच रडला.

आम्हाला वाटलं होतं, आता काकूंची भीती जाईल. असं ऐकतो ना आपण? तसं काही झालं नाही. महिनाभर त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. मीच ओवून द्यायचे. धुक्याच्या सकाळी त्या कामावरच यायच्या नाहीत. फरक पडला तो एवढाच, की कोणी गिऱ्हाईक सामान घ्यायला आलं की त्या आतून उठून पुढे यायच्या आणि विचारायच्या, "सॅक राहू द्या. खिशात काय आहे ते दाखवा." लोक गोंधळून किल्ल्या, रुमाल, फोन काढायचे. काकू प्रत्येकाला सांगायच्या, शिट्टी गळ्यात, काडेपेटी खिशात, सॅक चोरीला गेली असं समजून चाला. मालक आधी वैतागले, मग त्यांनी काउंटरवर शिट्ट्यांची बरणी ठेवली.

सहा महिन्यांनी सून पुन्हा निघाली. सहकारी बरा झाला होता. काकू नको म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिचं काम आहे ते. माझ्या भीतीनं तिनं का बसायचं घरी?"

तीन दिवस त्या मशीनवर आल्या, पण मशीनचा आवाज काही ऐकू आला नाही. चौथ्या दिवशी सकाळपासून फोन टेबलावर पुढ्यात. अकराच्या सुमाराला तो वाजला. मी आत धावले. काकू फोनकडे बघत होत्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.

"तू घे," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं होणार नाही."

मी घेतला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि मग सुनेचा. "पोचलो चौकीवर दोघंही. आईंना सांगता?"

मी सांगितलं. काकूंनी मान हलवली. मग हात काढले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "काळा दोरा दे जरा. त्या निळ्या तंबूची चेन राहिलीये."