टेंभुर्णी सुट्टीवर गेली तेव्हा

सोबत चहा प्यायला माणूस उरला नाही की किस्से साठत जातात. सात रस्ता चौकातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आल्यापासून माझ्याकडे तर ढीग झालाय.

सॉफ्टवेअर सांभाळणारा सिद्धाराम पहिल्या दिवशी खुशीत म्हणाला, "सर, आता काय भरायचंच न्हाय. एका रकान्यावरनं दुसरा आपोआप निघतो."

मी तिथंच भांडलो. "अरे, माणसाबद्दल एक गोष्ट तरी माणसाला विचारून लिहा!"

कोण ऐकतो!

*

टेंभुर्णीचा वार्ताहर मेहुण्याच्या लग्नाला गेला. त्याच्या रजेवरून तिथल्या कार्यालयाची स्थिती निघायची, कार्यालयावरून गावाची. हायवेवर ट्रक उलटला, फोटो आले, पण बातमी पानावर जाईना.

सॉफ्टवेअरनं अख्खी टेंभुर्णीच सुट्टीवर टाकली होती!

*

मग छपाईचं मशीन बिघडलं. मशीनवरून आवृत्ती, आवृत्तीवरून संपादक. संपादकसाहेबांच्या नावापुढं झळकलं, 'दुरुस्ती सुरू'.

सिद्धाराम घाबरून धावत आला. मी म्हटलं, "राहू दे की. पहिल्यांदाच खरं दाखवतंय!"

यावर सगळ्यात जास्त हसले ते आमचे फोटोग्राफर रफीकभाई.

*

आमच्याकडे बातमीदार आणि फोटोग्राफर एकाच बाइकवर जातात. भाई चालवायचे, मी मागे बसून मुद्दे लिहायचो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये माझी हजेरी भाईंच्या हजेरीवरून निघायची.

पावसाळ्यात भाई गेले. हृदयविकार. ऑफिसनं त्यांची नोंद बंद केली.

दुसऱ्या दिवशी माझंच लॉगिन उघडेना. 'कार्यरत नाही.' अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला टाळं लागलेलं, कामगार गेटवर बसलेले, आणि माझी बातमी आत जाईना!

"सिद्धाराम, मी जिवंत हाय की रं!"

"व्हय सर. पण तुमच्या रकान्यात हात घालता येत न्हाय. तो भाईंवरनं निघतो."

"मग तो हिशेबच काढून टाक."

"त्याच्यावर पगार हाय, पगारावर सगळं ऑफिस. एक काढलं की समदं कोसळंल." मग हळूच म्हणाला, "भाईंची नोंद परत चालू करू का?"

बातमी महत्त्वाची होती. मी मान डोलावली.

*

तेव्हापासून रोज सकाळी स्क्रीनवर माझं नाव येतं, शेजारी 'रफीक : हजर'. एमआयडीसीत मी एकटाच जातो. मुद्दा सुचला की बाइक कडेला लावून लिहावा लागतो.

नवा फोटोग्राफर मागितला. उत्तर आलं, 'आपल्याकडे जोडीदार उपलब्ध आहे.'

*

ईदच्या सकाळी स्क्रीन उघडली. रफीक : सुट्टी. त्यावरून मलाही सुट्टी!

इतकी वर्षं ईदला भाई घरी, म्हणून मी ड्युटीवर. त्यांच्याकडे ईदला जाणं कधी जमलंच नाही. शीरखुर्म्याचा डबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात यायचा. त्या दिवशी निघालो, ते थेट त्यांच्या घरी.

भाभींनी दार उघडलं. "आज कैसा आए, भाई? ईद को तुमारी ड्युटी रहती ना?"

मी म्हटलं, "छुट्टी है, भाभी. भाई की छुट्टी मेरे को लगी."

त्या आत गेल्या. बाहेर येऊन माझ्यासमोर शीरखुर्मा ठेवला. एक वाटी. मग तिच्या शेजारी दुसरी.

"उनों दो खाते थे."